उत्तरार्ध माळ्यावर आहेत

विनीत खांबेटेनं मला शाल आणि नारळ देऊन हाकललं. निमंत्रणपत्रिकेत त्याला ‘कृतज्ञता सोहळा’ म्हटलं होतं, पण मी हाकललं असंच म्हणणार. आमच्या डोंबिवलीत माणूस नकोसा झाला की आधी त्याला व्यासपीठावर बसवतात, त्याच्याबद्दल चार गोड शब्द बोलतात, खांद्यावर शाल टाकतात आणि टाळ्या चालू असतानाच कपाटांच्या किल्ल्या मागून घेतात. माझ्या किल्ल्या विनीतनं स्वतः मागितल्या. “भावनाताई, खूप केलंत, आता आराम करा,” असं म्हणाला. मला आराम नको होता. मला माझी कपाटं हवी होती.

आमचं वाचनालय डोंबिवली पूर्वेला एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. तिथला किशोर विभाग मी तीसेक वर्षं सांभाळला. किशोर विभाग म्हणजे बारा ते सतरा वयाच्या पोरांसाठी तीन कपाटं, आणि तिन्ही साहसाच्या आणि रहस्याच्या कादंबऱ्यांनी भरलेली. संस्कार करणारी पुस्तकं शेजारच्या चौथ्या कपाटात होती. त्यांना कधी कुणी हात लावला नाही, म्हणून ती अजून कोरी करकरीत आहेत. या वयाच्या पोराला खून लागतो, खजिना लागतो, भुयार लागतं, आणि गोड बोलून फसवणारा एक माणूस लागतो. ते दिलं की पोर पुढे आयुष्यभर काहीही वाचतं. नाही दिलं की काहीच वाचत नाही. एवढी साधी गोष्ट आहे, पण ती आमच्या कार्यकारिणीतल्या एकाच्याही डोक्यात कधी शिरली नाही.

विनीत या कार्यकारिणीचा कार्यवाह. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ त्याचे स्पर्धा परीक्षांचे क्लास आहेत आणि ते जोरात चालतात. मोबाइल आल्यापासून पोरं वाचनालयाची पायरी चढत नाहीत, तेव्हा किशोर विभाग बंद करून तिथे एसी अभ्यासिका काढावी, असा ठराव त्यानं मांडला. ठराव मंजूर झाला. गादीच्या खुर्च्या आल्या, प्रत्येक टेबलाला वेगळा दिवा आला, आणि माझी तीन कपाटं रद्दीत निघाली.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी चार दिवस धुसफुसले असते आणि गप्प बसले असते. पण विनीत माझा वाचक होता हो! दातांना तार लावलेला, हाफ पँटमधला विनीत शाळा सुटली की तडक काउंटरवर यायचा आणि मी दिलेलं पुस्तक तिथेच उभ्या उभ्या उघडायचा. याला उद्या काय द्यायचं, या विचारात मी घरी भाजी करपवलेली आहे. तिन्ही कपाटांतलं एकूण एक पुस्तक वाचून काढणारा तो एकटाच. आणि त्यानंच ती तराजूत घातली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्याच दिवशी मी ठरवलं, याची जिरवायची. चारचौघांत जिरवायची.

आधी पुस्तकं शोधायला हवी होती. वाचनालयाचा शिपाई महिपत माझ्या बाजूचा माणूस. त्यानं फोन करून सांगितलं, “ताई, टेम्पो भरून गेला. रद्दीवाला बोलला, माल शीळफाट्याच्या गोदामात उतरणार.” मी तशीच उठले, रिक्षा केली आणि शीळफाटा गाठला. गोदामात एका बाजूला पुठ्ठ्यांचा डोंगर, एका बाजूला प्लॅस्टिकचे ड्रम, आणि मधोमध माझी पुस्तकं, गोणीतून अर्धी बाहेर सांडलेली. एका कादंबरीवर पाय ठेवून एक माणूस चहा पीत होता. त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण त्यानं पाय काढला. सापडली तेवढी पुस्तकं मी वेचली आणि सत्काराच्या शालीत गाठोडं बांधलं. त्या शालीचा तेवढा एक उपयोग झाला.

घरी येऊन गाठोडं सोडलं आणि एकेक पुस्तक उघडून बघितलं. सगळे पूर्वार्ध होते. एकाही कादंबरीचा उत्तरार्ध नव्हता.

हे कसं झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे जाडजूड कादंबरी अखंड ठेवत नाहीत. एका कार्डावर एकच पुस्तक मिळतं आणि जाड पुस्तक एकाच पोराकडे अडकून बसतं, म्हणून बाइंडरकडून तिचे दोन भाग करून घ्यायचे आणि दोन वेगळी पुठ्ठ्याची बांधणी करायची. पूर्वार्ध पोरांच्या कपाटात. उत्तरार्ध मात्र मी त्यांच्या हाती लागेल असा कधी ठेवला नाही, कारण पोरं चोरून शेवटचं पान आधी बघतात. सगळे उत्तरार्ध काउंटरमागच्या जुन्या लाकडी कपाटात, कुलपात. पूर्वार्ध परत आणायचा, मी विचारीन त्याचं उत्तर द्यायचं, मगच उत्तरार्ध मिळणार. आणि शेवट सांगायचा नाही, हा माझा नियम. पोरं गयावया करायची, चिठ्ठ्या टाकायची, एकीनं तर माझ्यासाठी घरून पुरणपोळी आणली होती. पुरणपोळी खाल्ली, पण शेवट काही सांगितला नाही.

मी महिपतला फोन लावला. “ते काउंटरमागचं कपाट कुठाय रे?”

“माळ्यावर चढवलंय ताई. अभ्यासिकेच्या कामात मध्ये येत होतं. रद्दीवाल्याची पोरं बोलली, हे लई जड आहे, आम्ही नाय उचलणार. म्हणून राहिलं.”

“विनीतला माहीत आहे?”

“साहेबांनी विचारलं नाय, मी सांगितलं नाय.”

मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. पूर्वार्ध माझ्या घरात आणि उत्तरार्ध विनीतच्या डोक्यावर, माळ्यावर. आता अर्ज नको, विनंती नको, सह्यांची मोहीम नको. अर्ध्यात अडकलेलं पोर काय करतं ते मला ठाऊक होतं. खुनी कोण हे कळल्याशिवाय ते जेवत नाही. अशी पोरं तयार करायची आणि विनीतच्या दारात नेऊन सोडायची. पोरं वाचत नाहीत म्हणाला होता ना, मग त्यानंच बघावं.

मे महिन्याची सुट्टी होती. आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी एक टेबल टाकलं आणि पुस्तकं मांडून बसले. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. पोरं समोरच्या कठड्यावर बसून मोबाइल खेळत होती आणि मी आंबेवाली असल्यासारखं माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यातल्या हर्षित नावाच्या लांबड्या पोराला हाक मारली.

पुस्तक सुचवण्याची माझी एक पद्धत आहे. तुला काय आवडतं, असं मी कधीच विचारत नाही. या वयात त्यांना ते माहीत नसतं, आणि मग ती आईला आवडेल ते सांगतात. मी विचारते, “शेवटचं खोटं कुणाशी बोललास?”

हर्षित दचकला. मग हसला. “पप्पांशी. क्लासला जातो बोललो आणि टर्फवर गेलेलो.”

त्याला मी दोन भावांची कादंबरी दिली. मामाकडे जातो सांगून ते घरातून निघतात आणि तस्करांच्या होडीत अडकतात. त्याच्या मागे प्रियांका आली. ती म्हणाली, “मी आईला बोलले, मला एकटीला भीती नाही वाटत.” तिला बंद पडलेल्या दीपगृहाची दिली, ज्यात दिवा मात्र रोज लागतो. अनिमेष नावाचा चष्मेवाला म्हणाला, “मी खोटं बोलतच नाही.” हे तर उघड खोटं होतं. त्याला मी चोरीची एक कादंबरी दिली, जिच्यात गोष्ट सांगणारा मुलगा पहिल्या पानापासून आपण किती सरळ आहोत हेच सांगत असतो.

चार दिवसांनी हर्षित धावत आला. केस विस्कटलेले, हातात पुस्तक. “काकू, ये क्या है यार! होडीतल्या केबिनचा दरवाजा उघडला आणि पुस्तकच संपलं! आत कोण होतं?”

“पुढचं उत्तरार्धात आहे.”

“मग द्या ना!”

“उत्तरार्ध वाचनालयात आहे. तिथले कार्यवाह विनीत खांबेटे. त्यांच्याकडे मागायचा.”

“आत्ता जाऊ?”

“आत्ता नाही. येत्या शनिवारी सकाळी जा. सगळे मिळून जा.”

शनिवार मी उगीच निवडला नव्हता. त्या दिवशी अभ्यासिकेचं उद्घाटन होतं आणि फीत कापायला कमळाबाई मढवी येणार होत्या. वाचनालयाची जागा मढवींची. एके काळी या भागात त्यांची भातशेती आणि खाडीला मिठागरं होती, आता इमारती आहेत. पोरांना वाचायला जागा हवी म्हणून कमळाबाईंच्या सासऱ्यांनी पहिला मजला वाचनालयाला दिला आणि तेव्हापासून मढवींच्या घरातलं कुणीतरी कायमचं अध्यक्ष असतं. कमळाबाईंना सहीपुरतं लिहिता येतं, पण त्यांच्या शब्दापुढे कार्यकारिणीत कुणी जात नाही. पोरं हल्ली येत नाहीत, असं विनीतनं त्यांना पटवलं होतं. त्यांनी विश्वास ठेवला. तो विश्वास मला त्यांच्या डोळ्यांदेखत मोडायचा होता.

एवढंच केलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच आठवड्यात प्रियांका आपल्या मैत्रिणीला घेऊन आली.

तेरा वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात पाण्याची बाटली. पुस्तकं बघताना तिनं अंगठ्याचं नख दातांत धरलं, लहानपणी विनीत धरायचा अगदी तसं, आणि मी ओळखलं. नाव विचारलं. श्रिया खांबेटे.

“शेवटचं खोटं कुणाशी बोललीस?” मी विचारलं.

तिनं नीट विचार केला. बाकीच्या पोरांसारखी ती हसली नाही. “बाबांशी. मी त्यांना सांगितलं, मला गोष्टीची पुस्तकं आवडत नाहीत. ते म्हणतात, त्यानं कुणाचं भलं होत नाही. पण काकू, त्यांना सगळ्या गोष्टी माहीत असतात. लाइट गेले की ते मला भुयाराच्या गोष्टी सांगायचे, मी लहान असताना. तसं दुसरं कुणीच सांगत नाही.” आणि मग हळूच म्हणाली, “माझे बाबा ना, भारी आहेत. फक्त हल्ली बिझी असतात.”

माझ्या हाताखाली एक पुस्तक होतं. कोकणातल्या एका गावात साथ येते, औषधांची पेटी चोरीला जाते आणि माणसं मरतात. डॉक्टरांची तेरा वर्षांची मुलगी चोर शोधायला निघते. गाव ज्यांना देव मानतं असे तिचे वडील तिला प्रत्येक पावलावर मदत करतात. शेवटी चोर सापडतो, आणि तो तिचा बापच असतो.

हे पुस्तक मी सोळाच्या आतल्या कुणाला देत नसे. तसं करायला मला विनीतनंच सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी त्यानं ते वाचलं, परत आणून दिलं, पण दुसरं पुस्तक मागितलं नाही. मग म्हणाला, “बाई, हे लहान मुलांना देऊ नका. मी घरी गेलो आणि माझ्या बाबांकडे बघवेना.” मला त्याचं म्हणणं पटलं होतं. मी ते पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं आणि इतकी वर्षं तो नियम पाळला.

तेच पुस्तक मी श्रियाच्या हातात दिलं. चुकून नाही, पुरतं समजून उमजून दिलं. त्याच्याच मुलीनं, सगळ्यांसमोर, हे पुस्तक त्याच्या पुढ्यात धरावं आणि त्याचा चेहरा उतरलेला मी बघावा, एवढंच मला दिसत होतं. पोरगी किती लहान आहे ते मला दिसत नव्हतं. दिसत होतं, पण मी तिकडे बघत नव्हते.

शनिवारी मी ठेवणीतली साडी नेसून गेले. माजी कर्मचारी म्हणून मलाही निमंत्रण होतं. विनीत तेवढा रीतीचा पक्का आहे. अभ्यासिकेच्या दाराला झेंडूचं तोरण होतं. आत एसीचा गारवा आणि नव्या प्लायवूडचा वास. माझी कपाटं होती त्या जागी भिंतीला ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. कमळाबाईंनी फीत कापली, पेढे वाटले गेले आणि विनीत बोलायला उभा राहिला. “काळ बदलला आहे. आजच्या मुलांना कथा-कादंबऱ्यांची गरज उरलेली नाही,” एवढं तो म्हणतोय तोवर जिन्यात धडधड ऐकू आली.

हर्षित सगळ्यात पुढे होता. त्याच्यामागे प्रियांका, अनिमेष आणि आमच्या आणि शेजारच्या इमारतींतली कितीतरी पोरं, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याच्या बांधणीचा एकेक पूर्वार्ध. मी शिकवलं नव्हतं तरी ती आपोआप रांगेत उभी राहिली. रांग दारातून जिन्यापर्यंत गेली.

“विनीत काका कोण?” हर्षितनं विचारलं. “आम्हाला उत्तरार्ध पाहिजे.”

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. विनीतनं पुस्तकाची बांधणी बघितली आणि मग गर्दीत मला शोधलं. त्याला सगळं कळलं, तो काही मूर्ख नाही. मी त्याच्याकडे बघून मान डोलावली. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की पेढा तसाच हातात राहिला.

“काय रं विनीत,” कमळाबाई खुर्चीतून वळून म्हणाल्या, “तू बोल्लास ना, पोरा वाचीत नाय म्हनून? ही कोन मंग?”

“आजी, ही पुस्तकं जुनी झाली होती, काढून टाकली,” विनीत हसून म्हणाला. “यांचे पुढचे भाग आता नाहीत.”

“उत्तरार्ध माळ्यावर आहेत साहेब,” दारापाशी उभा असलेला महिपत म्हणाला. “आख्खं कपाट आहे.”

कुणीतरी हसलं. विनीतचे कान लाल झाले. आता तो शिडी मागवेल, निमूट पुस्तकं काढेल आणि पोरांना वाटेल, असा माझा अंदाज होता. पण मी घडवलेला वाचक होता तो. मला कुठे लागतं ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

“माळ्यावर कशाला चढायचं?” तो शांतपणे म्हणाला. “मला सगळे शेवट पाठ आहेत.” त्यानं हर्षितच्या हातातलं पुस्तक नुसतं बघितलं. “होडीची ना? तस्करांचा म्होरक्या म्हणजे त्यांचा मामाच. ज्याच्याकडे जातो म्हणून निघतात, तोच. झालं? पुढे.”

हर्षितचं तोंड उघडंच राहिलं. “अरे यार,” एवढंच तो म्हणाला.

“दीपगृह. भूत नाही, कुणी नाही, दिवा शाळेची मास्तरीण लावते. पुढे. तुझी चोरीची? गोष्ट सांगणाराच चोर.” अनिमेषनं कानांवर हात ठेवले, पण उशीर झाला होता. विनीत एकेकाचं पुस्तक बघत होता आणि एकेका वाक्यात ते संपवत होता. तोंडी परीक्षा घ्यावी तसा. पाच-सहा पोरांनंतर रांगेत एक लहानगी रडायला लागली. मधून मधून तो माझ्याकडे बघत होता, आणि मला दातओठ खाण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. तीस वर्षं ज्या गोष्टीवर मी कुलूप घालून बसले, ती तो भर सभेत उधळत होता. आणि एकही शेवट चुकत नव्हता.

“गप रं!” कमळाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातली पेढ्याची बशी खाली पडली. “पोरांचे तोंडचा घास काढतंस? लाज नाय वाटत? माझे सासऱ्यान ही जागा पोरांना वाचाला दिली, तुझे एसीला नाय. महिपत, शिरी लाव, ता कपाट उघड. पोरांची कपाटा यां खोलीन परत लागतील. तुझी आभ्यासिका कुठं न्यायची तिकरं ने.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “आणि भावना, तू सोमवारपासून ये.”

म्हणजे मी जिंकले. कपाटं मिळाली, खुर्ची मिळाली, पोरांदेखत त्याचं नाक कापलं गेलं. महिपत शिडी आणायला पळाला. मला हवं होतं ते सगळं झालं होतं, आणि उरलेल्या पोरांचे शेवट अजून शाबूत होते.

तेवढ्यात रांगेच्या मागून श्रिया पुढे आली.

विनीतनं तिला तोवर पाहिलं नव्हतं. “तू इथे काय करतेस?” त्यानं विचारलं.

“बाबा, माझं पण सांगा,” ती म्हणाली आणि पुस्तक त्याच्या हातात दिलं. तिच्या आवाजात राग नव्हता. बाबांना सगळं येतं, याचा तिला अजूनही थोडा अभिमानच वाटत होता.

विनीतनं पुस्तक उलटून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. शाल अंगावर पडल्यापासून मी ज्या नजरेची वाट बघत होते, ती हीच.

“हे हिला दिलंत?” तो हळू आवाजात म्हणाला.

“दिलं,” मी म्हटलं.

“श्रिया, आपण घरी जाऊन बोलू.”

“का? बाकीच्यांचं तर पटापट सांगितलंत.” ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं अंगठ्याचं नख दातांत धरलं आणि सावकाश विचारलं, “तिचे बाबाच असतात का?”

“नाही,” विनीत म्हणाला. जराही अडखळला नाही. “कंपाउंडर असतो. शेवटी कळतं.”

श्रियानं मान हलवली. पण ती रहस्यकथेच्या अर्ध्यापर्यंत पोचलेली वाचक होती, एका साक्षीवर तिचं भागणार नव्हतं. ती माझ्याकडे वळली.

“काकू, बाबा खरं बोलतायत?”

महिपत शिडीवरून उतरत होता. त्याच्या हातात उत्तरार्धांची चळत होती आणि तो शर्टाच्या बाहीनं वरची धूळ पुसत होता. मला एवढंच म्हणायचं होतं की घे आणि स्वतः वाच. हेच वाक्य मी जन्मभर म्हणत आले. नाहीतर हे पुस्तक तीन वर्षांनी घे, असं म्हणून ते काढूनही घेता आलं असतं. विनीत माझ्याकडे बघत होता, आणि आता त्याच्या डोळ्यांत कार्यवाह नव्हता. तो मान हलवत होता, इतकी थोडी की फक्त मलाच दिसावी. नका सांगू, असं म्हणत होता. त्यानं ते आधीही एकदा म्हटलं होतं आणि मी ऐकलं होतं.

पण मला शीळफाट्यावरचा तो माणूस आठवला, पुस्तकावर पाय ठेवून चहा पिणारा. मला त्या टाळ्या आठवल्या.

“नाही,” मी म्हटलं. “वडीलच असतात.”

आणि खोटं कशाला सांगू, ते म्हणताना मला गोड लागलं. विनीत नव्या गादीच्या खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो असा बसलेला मला बघायचा होता. मी बघून घेतला.

श्रिया रडली नाही. तिनं एकदा बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. “तुम्हाला माहीत होतं ना, मी कुणाची मुलगी ते?”

“हो.”

तिनं पुस्तक बंद केलं आणि टेबलावर ठेवलं. महिपतनं चळतीतून नेमका तिचाच उत्तरार्ध काढून पुढे केला. “नको,” ती त्याला म्हणाली, “आता त्याचं काय करू?” मग तिनं मला विचारलं, अगदी साधं, पोरं विचारतात तसं, “मग आता मी काय वाचू?”

या प्रश्नाला मी कधी अडलेली नाही. काउंटरपाशी उभ्या असलेल्या पोराकडे एकदा बघितलं की माझा हात आपोआप फळीकडे जातो. मी श्रियाकडे बघितलं. महिपतच्या हातातल्या पुस्तकांकडे बघितलं, रांगेतल्या पोरांकडे बघितलं. तिला देण्यासारखं एकही पुस्तक मला आठवेना. मग ती दाराबाहेर गेली आणि चपलांच्या ढिगात आपल्या चपला शोधू लागली.